बिनगाडीचं स्टिअरिंग

स्टिअरिंग निघालं. नाक शाबूत राहिलं, दात जागच्या जागी राहिले, सासूबाईंच्या चष्म्याला ओरखडासुद्धा आला नाही, आणि बायकोनं त्याला पुन्हा पुढच्या सीटवर घेतलं. आता हे सगळं विसरून जावं, कारण यातलं काहीच अजून झालेलं नाही. रविवारची सकाळ आहे. इमारतीच्या मागच्या आवारात जुनी गाडी खोळ पांघरून मुकाट उभी आहे, तिचं स्टिअरिंग तिच्या जागी गच्च बसलेलं आहे, आणि कवळीकार पान्यांची पिशवी घेऊन तिच्यासमोर उभा आहे, जेवायला एक दिवस आधीच पोचलेल्या पाहुण्यासारखा.

त्याला कवळीकार म्हणायचं ते तो कवळ्या करतो म्हणून. दातांचे डॉक्टर तोंडांचे साचे पाठवतात, तो त्यात बसतील असे दात करून परत पाठवतो. तोंडं काही त्याच्या वाट्याला येत नाहीत. अर्धं शहर त्याच्या दातांनी चावतं आणि त्याला कुणी ओळखत नाही. रस्त्यात एखादा म्हातारा खळखळून हसला की हा थबकतो, आणि मनात म्हणतो, डावीकडचा सुळा आपला. मग तो म्हातारा आपल्या वाटेनं जातो आणि सुळाही त्याच्याबरोबर जातो. या धंद्यात माणसाला एक खोड जडते. प्रत्येक गोष्ट नीट बसली आहे ना, हलत तर नाही ना, हे हातानं चाचपून बघायची खोड. खुर्ची, दाराची कडी, डब्याचं झाकण, सगळं तो एकदा हलवून बघतो. इथवर ठीक होतं. गुरुवारी सकाळी त्यानं चालत्या गाडीचं स्टिअरिंग हलवून बघितलं, आणि तेही बायको चालवत असताना.

झालं होतं असं की बायको रोजच्यासारखी हॉस्पिटलात निघाली होती आणि त्याला वाटेत त्याच्या कारखान्यापाशी सोडणार होती. बायको भूलतज्ज्ञ. सगळ्यांत जास्त माणसं झोपवणारी बाई म्हणून हॉस्पिटलात तिला मान आहे. गाडी ती उशिरा शिकली. नवऱ्याकडून शिकून बघितलं, दोघांचा संसार वाचावा म्हणून ते सोडून दिलं, आणि रीतसर शिकवणी लावली. शिकवणारा तिला म्हणाला होता, ‘मॅडम, तुम्ही गाडी चालवत नाही, तिला भूल देऊन हळूच इकडून तिकडे नेता.’ ते खरंच होतं. नवी गाडी तिनं तिच्या कमाईतून घेतलेली, आणि तिच्या हाताखाली ती गाडी अशी मऊ चालायची की शेजारी बसलेल्या माणसाला झोप लागावी. याला कधीच लागली नाही. हा शेजारी बसून, पायाखाली ब्रेक नसताना, ब्रेक दाबायचा. त्याच्या बाजूचं रबरी पायपुसणं टाचेखाली झिजून भोक पडायला आलं होतं. त्या गुरुवारी डावीकडून एक बस आली. बस म्हणजे काय, बसच ती. ती तशीच येते. बायको त्या वेळी काहीतरी सांगत होती. ‘मला वाटतं, मी आता...’ एवढं बोलली होती, आणि याचा हात गेला. त्याला विचारून गेला नाही. हात गेला, स्टिअरिंग वळलं, गाडी फुटपाथवर चढली आणि गाद्यांच्या दुकानाबाहेर रचलेल्या फोमच्या गाद्यांच्या थप्पीत नाक खुपसून उभी राहिली. आवाज झाला तो एखाद्या जाड्या माणसानं सुस्कारा टाकावा तसा. दुकानदार बाहेर आला. त्यानं गाद्यांकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि खिडकीत वाकून विचारलं, ‘गाडी कोण चालवत होतं?’

‘मी,’ दोघंही एकदमच म्हणाली.

कवळीकाराला पुढे आठवत राहिला तो हा क्षण. गाद्या विसरला, बस विसरला, पण ते दोन ‘मी’ एकमेकांवर आदळले तेव्हा बायकोनं मान वळवून त्याच्याकडे जे बघितलं, ते त्याला विसरता येईना. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. रागाला त्याच्याकडे उत्तरं होती, घासूनपुसून ठेवलेली. तिनं बघितलं ते ऑपरेशनच्या टेबलावर आपणहून चढून बसलेल्या भलत्याच माणसाकडे बघावं तसं. तुम्ही कोण, इथे कसे, तुमचं तर आज काही नव्हतं. संध्याकाळी तिनं चपला काढल्या, हात धुतले, आणि टॉवेलला हात पुसत म्हणाली, ‘उद्यापासून मागे बस.’

‘अगं, पण मागे तर आई बसतात.’

‘आई रविवारी बसते. तू सोमवार ते शनिवार बस. सीट रिकामी राहायला नको.’

शुक्रवारी तो मागे बसला. मागची सीट हा वेगळाच मुलूख असतो हे त्याला माहीत नव्हतं. तिथे ऐकू येतं ते सगळं चाकांचं. बायकोचा त्याला एक कान दिसत होता, आणि आरशात डोळ्यांची पट्टी, पत्रपेटीच्या फटीतून कुणी बाहेर बघत असावं तशी. तो दोन सीटांच्या मधून मान पुढे काढू लागला तर ती म्हणाली, ‘मान आत घे, टपली बसेल.’ त्यानं मान आत घेतली. आणि मग कारखान्यापर्यंत ती काही बोललीच नाही. एकदम त्याच्या ध्यानात आलं की आपलं लग्न, म्हणजे त्यातला बोलण्याचा भाग, गेली कित्येक वर्षं ह्याच रस्त्यावर राहतो आहे. घरी ती येते तेव्हा दमलेली असते, नाहीतर झोपलेली असते, नाहीतर फोनवर कुणाच्या तरी श्वासाबद्दल बोलत असते. तिच्या मनातलं जे काही त्याला आजवर कळलं, ते पुढच्या सीटवर कळलं. समोर बघत, रस्त्याला सांगितल्यासारखं ती सांगायची. बाप गेल्यावर आपल्याला रडू आलं नव्हतं, हे तिनं एकदा पेट्रोल पंपाच्या रांगेत सांगितलं होतं. मूल नको असं आपल्याला आधीपासूनच वाटत होतं, हे एका वळणावर सांगितलं, आणि वळण संपल्यावर म्हणाली, तुलाही वाटत होतं ना. वाटत होतं. समोरासमोर हे दोघांनाही जमलं नसतं. तोंडाकडे तोंड करून माणसं फार तर मीठ मागतात.

आणि ते वाक्य अर्धंच राहिलं होतं. मला वाटतं, मी आता. गुरुवारी रात्रीच त्यानं विचारलं होतं, ‘बस आली तेव्हा तू काय म्हणत होतीस?’

‘आठवत नाही.’

‘मला वाटतं मी आता, इथपर्यंत आली होतीस. चांगलं चाललं होतं वाक्य.’

‘घरात नाही रे आठवत मला. घरात गॅस असतो, आई असते, तू असा समोर असतोस.’

म्हणजे वाक्याचा उरलेला भाग गाडीतच होता आणि तो मागच्या सीटवर ऐकू येणार नव्हता. कवळीकार शुक्रवारभर काम करता करता ते वाक्य आपल्या मनानं पुरं करत बसला. मला वाटतं मी आता केस कापते. मला वाटतं मी आता नोकरी सोडते. मला वाटतं मी आता तुला सोडते. पण कुठे, कारखान्यापाशी, का कायमचं. अपुरं वाक्य म्हणजे एका दाताची कमी असलेली कवळी, जीभ सारखी तिथेच जाते. संध्याकाळपर्यंत त्यानं त्या वाक्याला इतकी शेपटं लावली की शेवटी त्याला मला वाटतं मी आता बेडकं पाळते, हेही संभवनीय वाटू लागलं, आणि बेडकांसाठी गॅलरीत जागा कुठे करायची याचा त्यानं थोडा विचारही केला.

कल्पना सुचली ती शनिवारी, कारखान्यात. कवळीचा चावा बघायला एक पितळी सांगाडा असतो, वरचा जबडा, खालचा जबडा, मधे बिजागरी. त्याला सगळे नुसतं ‘जबडा’ म्हणतात. विचार करताना कवळीकाराचा हात त्या जबड्यावर असायचा. उघड, मीट. उघड, मीट. तसा तो बसला होता आणि त्याचं लक्ष गेलं की जबडा हातात आहे तोवर आपण टेबलावरचं दुसरं काहीही हलवून बघत नाही. हात वाईट नव्हते. हात रिकामे होते, एवढाच त्यांचा गुन्हा. संध्याकाळी ताट समोर आल्यावर तो म्हणाला, ‘माझ्या हातात माझं स्वतःचं स्टिअरिंग असलं तर?’

बायकोनं घास खाली ठेवला. ‘म्हणजे?’

‘जुन्या गाडीचं काढतो. ते मांडीवर घेऊन पुढे बसतो. बस आली तर मी माझं वळवीन. तुझ्याला हात लावणार नाही.’

मग सासूबाई म्हणाल्या, ‘ताटली धरा की हातात, जावईबापू. स्टीलची. धुताही येते.’

‘मघाशीच धरून बघितली, आई. स्वयंपाकघरात. हात फसत नाहीत.’ हे खरं होतं. उभं आयुष्य खोट्या दातांत गेलेल्या माणसाच्या हाताला खरं-खोटं लगेच कळतं.

बायको त्याच्याकडे बघत राहिली. मी उठेन ना हो डॉक्टर, असं विचारणाऱ्या पेशंटकडे ती जशी बघते तशी. मग म्हणाली, ‘सोमवारपर्यंत. सोमवारी नसलं तर तू बसनं जायचंस. मी काही रोज तुझं तोंड आरशात बघणार नाही. आणि नीट काढ. त्यात एअरबॅग असते. नाक फोडून घेतलंस तर मी भूल देणार नाही, तसंच शिवायला सांगेन.’

तर अशी ही रविवारची सकाळ. कवळीकारानं खोळ काढली, आतून धुळीचा आणि शिळ्या रबराचा वास आला, आणि आपल्या मागोमाग सासूबाई आल्या आहेत हे त्याला मागचं दार वाजलं तेव्हा कळलं. त्या मागच्या सीटवर, आपल्या नेहमीच्या कोपऱ्यात, पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ‘आई, आपण कुठे जाणार नाही आहोत.’ ‘माहीत आहे. मी सोबतीला बसलेय. एकट्या माणसानं असलं काही करू नये, कुणीतरी लाइनवर असावं.’ सासूबाई नोकरीभर टेलिफोन ऑपरेटर होत्या. दोन परक्या माणसांना जोडून देणं आणि मधून निघून जाणं, हे त्यांनी इतकी वर्षं केलं होतं की लेकीच्या संसारातही त्या तशाच राहायच्या, जोडून द्यायच्या आणि निघून जायच्या. आज मात्र त्या निघून जायच्या बेतात दिसत नव्हत्या.

पहिलं काम बॅटरीची तार सोडवणं. एअरबॅगला करंट मिळता कामा नये, नाहीतर ती आपल्यालाच अपघात समजून फुटते. हे त्यानं वाचलं होतं आणि त्याला ते फार पटलं होतं. त्यानं बॉनेट उघडलं. बॅटरीच्या जागी बॅटरी नव्हती. तिथे वाळकी पानं होती, एक चेंडू होता, आणि कुणाच्या तरी मांजरानं आपलं घर थाटल्याच्या खुणा होत्या. मग त्याला आठवलं की बॅटरी आपणच कधीतरी काढून भंगारवाल्याला दिली होती. तो पाना हातात धरून त्या पोकळ जागेकडे बघत राहिला. नसलेली तार सोडवता येत नाही. आणि पुढची पायरी अशी होती की तार सोडवल्यावर थोडा वेळ थांबावं, आत राहिलेली वीज निघून जाऊ द्यावी.

‘काय झालं?’ सासूबाईंनी खिडकीतून विचारलं.

‘बॅटरीच नाही.’

‘मग लाइन तुटलेलीच आहे.’

‘हो, पण मी तोडलेली नाही ना. थांबायचं तर कधीपासून धरायचं?’

‘आत्तापासून धरा. बसा. वाट बघितल्यानं कुणाचं वाईट झालेलं नाही.’

म्हणून ती दोघं गाडीत बसून राहिली. कित्येक वर्षांपूर्वी निघून गेलेली वीज निघून जायची वाट बघत. कवळीकार स्टिअरिंगसमोर बसला होता आणि हात मात्र त्यानं गुडघ्यांवर ठेवले होते. मधल्या काळ्या गोल झाकणाकडे बघता बघता त्याला वाटलं, ह्याच्या आत ती पिशवी आहे, नीट घडी घालून ठेवलेली. इतकी वर्षं आहे. ज्या दिवशी कारखान्यातून निघाली त्या दिवसापासून ती एकाच गोष्टीसाठी तयार आहे, आणि ती गोष्ट झाली नाही. गाडी म्हातारी झाली, इंजिन बसलं, चाकांतली हवा गेली, मांजर आलं, मांजर गेलं, आणि ही आपली आत दबा धरून बसलेली, कुणी आदळतंय का म्हणून. आणि आपण तरी वेगळं काय करतो. रोज त्या पुढच्या सीटवर आपणही असेच घडी होऊन बसलेले, फुटायच्या तयारीत. ती काहीतरी सांगत असते, आपण बस बघत असतो. तिनं सांगितलेल्यातलं किती आपण ऐकलं आणि किती नुसतं होकाराच्या तालावर मान हलवून जाऊ दिलं, कोण जाणे. हा विचार त्याला इतका अचानक आला की त्याच्या अंगावर काटा आला. तो त्यानं चाचपून बघितला. खरा होता.

मग विचार सुटला तो भलतीकडेच गेला. बागेतला तो फिरता चक्का, लहानपणचा. त्यावर घोडे होते, हंस होता, आणि एक लाल गाडी होती, दोन स्टिअरिंगांची. एकावर तो, एकावर ताई. तो असा जीव तोडून चालवायचा की घामानं सदरा ओला व्हायचा. एकदा त्यानं गाडी जोरात डावीकडे घेतली आणि बघितलं तर ताई उजवीकडे घेत होती, आणि गाडी होती ती आपली गोल गोल चाललेली, दोघांचंही न ऐकता. मग चक्का थांबेपर्यंत त्यानं स्टिअरिंगला हात लावला नाही. उतरल्यावर ताई म्हणाली, ‘मी किती मस्त चालवली, बघितलंस?’ तिला ठाऊक होतं की नव्हतं, हे त्याला आजतागायत कळलेलं नाही. तिला विचारावं तर ती म्हणेल, कसला चक्का. ताईला सगळंच सुखानं विसरता येतं. तिचे दातही अजून सगळे स्वतःचे आहेत.

‘झोपलात का?’ मागून आवाज आला.

‘नाही. वीज जातेय.’

‘गेली असेल आता. मी एवढा वेळ कुणाला होल्डवर ठेवलं असतं तर माझी नोकरी गेली असती.’

त्यानं किल्ली फिरवून स्टिअरिंगचं लॉक सोडवलं, चाकं सरळ केली. बसक्या टायरांवर वळताना गाडी कण्हली. मग स्टिअरिंगच्या पाठीमागचे दोन स्क्रू सैल केले, आणि ते काळं झाकण, आपल्या पोटातल्या घडीसकट, अलगद पुढे आलं. त्याच्या मागे पिवळी जोडणी होती. ती त्यानं नखानं दाबून सोडवली, शेजारची हॉर्नची तारही सोडवली. एअरबॅग उचलली ती तोंड आपल्यापासून दुसरीकडे करून, अंगापासून लांब, काठोकाठ भरलेलं पातेलं न्यावं तशी, आणि भिंतीपाशी सावलीत, तोंड आभाळाकडे करून जमिनीवर ठेवली. तोंड खाली करून ठेवली आणि फुटली तर ती स्वतःच उडते. आभाळाकडे केलं म्हणजे जे व्हायचं ते आभाळाचं होतं.

‘हे जर फुटलं असतं,’ सासूबाईंनी विचारलं, ‘तर काय झालं असतं?’

‘तोंडावर गादी आली असती.’

‘मग तुम्हाला सवय आहे.’

तो परत येऊन बसला. आता मधे भोक होतं आणि भोकात दांडा, दांड्यावर एक जाडजूड नट. त्यानं खिशातून पेन्सिल काढून दांड्यावर एक रेघ आणि तिच्यासमोर स्टिअरिंगच्या गाभ्यावर एक रेघ ओढली. कवळीचा चावा जुळवायला ओढतो तशी. ‘परत बसवणार आहात का?’ ‘नाही.’ ‘मग खुणा कशाला?’ ‘काढताना खूण करायची असते, आई. नाहीतर काढल्यासारखं वाटत नाही.’ सासूबाईंना हे पटलं. त्यांनी पुढे विचारलं नाही. नट कुरकुर करत सैल झाला. त्यानं तो पुरता काढला, दातांत धरला, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं, आणि ओढलं. काही झालं नाही. पाय पुढे टेकवून ओढलं. गाडी हलली, स्टिअरिंग नाही. ते त्या दांड्यावर इतकी वर्षं बसलं होतं की त्याला तिथून उठायचं कारणच दिसत नव्हतं.

‘तो नट तोंडात कशाला?’

‘मॉम्,’ कवळीकार म्हणाला.

‘काढा आधी तोंडातून. आणि जागेवर लावा, थोडासा. एवढं ओढताय, ते एकदम सुटलं तर कुठे येईल? तुमच्या नाकावर. आम्ही एक लाइन सोडायच्या आधी दुसरी धरून ठेवायचो.’

त्यानं नट तोंडातून काढला. जिभेवर लोखंडाची आणि जुन्या ग्रीसची चव राहिली. हेच तर त्यानं वाचलं होतं, अगदी असंच, नट पुरता काढू नये, दोनचार आटे धरून ठेवावा, आणि वाचून, समजून, मान हलवून, त्यानं तो पुरता काढला होता. होकाराच्या तालावर. त्यानं नट दोनचार आटे परत चढवला. मग नुसतं ओढायचं सोडलं. वरची कवळी टाळूला घट्ट बसली की सरळ खाली ओढून येत नाही. एका कडेनं जरा दाब द्यायचा, मग दुसऱ्या कडेनं, आत वारा शिरू द्यायचा. त्यानं तसं केलं. डावीकडून ढकललं, उजवीकडून ओढलं. उजवीकडून ढकललं, डावीकडून ओढलं. गाडी डुलू लागली, मागे सासूबाई डुलू लागल्या, आणि त्यांनी पर्स घट्ट धरली, खरोखरच कुठेतरी चालल्यासारखी. मग कुठेतरी आत खट् झालं, स्टिअरिंग उसळून त्याच्याकडे आलं, आणि नटावर अडकून त्याच्या नाकापासून बोटभर अंतरावर थांबलं. तो त्याच्याकडे बघत राहिला. एवढ्या जवळून बघितल्यावर त्यावर आपल्याच हातांनी पडलेल्या दोन गुळगुळीत जागा त्याला दिसल्या.

बाकी सोपं होतं. नट काढला, आत गुंडाळलेली तारांची पट्टी फिरू नये म्हणून तिच्यावर चिकटपट्टी लावली (तिला आता फिरून जायचं कुठे होतं, पण लावली), आणि स्टिअरिंग हातात आलं. वाटलं होतं त्यापेक्षा हलकं. एवढ्याशा वस्तूवर आपण इतकी वर्षं सगळी मदार ठेवली होती. पुढे नुसता दांडा उभा होता, टक्कल पडल्यासारखा. त्यानं स्टिअरिंग हवेत धरलं आणि सहज डावीकडे वळवलं. जग वळलं नाही. पण हातांना बरं वाटलं, फार बरं वाटलं, आणि मग ते खांद्यांपर्यंत गेलं.

‘निघालं का?’

‘निघालं.’

‘मग चला,’ सासूबाई मागे टेकून बसल्या. ‘बाजारात घ्या. आणि हळू. मला आदळआपट चालत नाही.’

त्यानं मागे वळून बघितलं. त्या गंभीर होत्या. तेव्हा त्यानं स्टिअरिंग नीट धरलं आणि आवारातून गाडी बाहेर काढली, कोपऱ्यावर वळवली. सासूबाई वाटेत कुठे काय उघडं आहे ते सांगत होत्या. एकदा म्हणाल्या, ‘त्या बाईला जाऊ द्या आधी,’ आणि त्यानं त्या बाईला जाऊ दिलं. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, ‘बघा, मागे बसलेल्याला काही वाईट नसतं. ऐकू येत नाही तेवढं. मी जन्मभर कानाला यंत्र लावून दुसऱ्यांचं ऐकलं, आता मागे बसून काही ऐकू येत नाही हेच मला आवडतं. तुम्हाला नाही आवडायचं. तुम्ही पुढेच बसा.’ एवढं बोलून त्या बाजारात उतरल्या, म्हणजे आवारातच उतरल्या, आणि घरात निघून गेल्या.

सोमवारी सकाळी तो खाली आला तेव्हा स्टिअरिंग त्यानं धुऊनपुसून आणलं होतं. बायकोनं नव्या गाडीचं पुढचं दार आतून उघडलं. तो बसला, पट्टा लावला, स्टिअरिंग मांडीवर घेतलं. मधल्या भोकातून त्याचे गुडघे दिसत होते. रस्त्याला लागल्यावर लोक बघू लागले. शाळेच्या बसमधली सगळी मुलं एका बाजूच्या खिडक्यांवर आली. एक पोलीस रस्त्याच्या मधोमध उभा होता. त्यानं एका स्टिअरिंगकडे बघितलं, मग दुसऱ्या स्टिअरिंगकडे बघितलं, आणि यातल्या कुणाला थांबवावं हे न ठरल्यामुळे कुणालाच थांबवलं नाही. बायको समोर बघून चालवत होती. तोही समोर बघून चालवत होता. उड्डाणपुलाच्या अलीकडे डावीकडून बस आली. कवळीकाराचे हात गेले. पण या वेळी त्यांना जायला जागा होती. त्यानं आपलं स्टिअरिंग जोरात फिरवलं, पायपुसण्यावर टाच मारली, आणि डोळे मिटले. डोळे उघडले तर बस मागे पडली होती, आणि बायकोची गाडी पाण्यावरून चालल्यासारखी पुलाखालून बाहेर येत होती.

‘कुठे पोचलास?’ तिनं विचारलं.

‘फुटपाथवर. दुकानात शिरलो थोडा.’

‘कुणाला लागलं?’

‘नाही.’

‘मग ये सावकाश. मी पुलाच्या पुढे आहे.’ आणि ती हसली. समोर बघूनच हसली, पण तो शेजारी होता म्हणून त्याला तिचा आख्खा गाल दिसला, हसताना डोळ्याखाली सरकलेला. त्यानं आपली गाडी फुटपाथवरून खाली घेतली आणि तिला गाठलं.

कारखान्याच्या अलीकडच्या चौकात दिवा लाल झाला. बायकोनं गाडी थांबवली, हात स्टिअरिंगवर सैल सोडले. मनात काही घडी करून ठेवायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं, आणि ते करायला भलतीच मेहनत पडत होती. बायको लाल दिव्याकडे बघत म्हणाली, ‘मला वाटतं, मी आता घाबरत नाही.’

त्यानं आपलं स्टिअरिंग सरळ धरलं.

‘गुरुवारी हेच सांगत होते. इतकी वर्षं चालवतेय, रोज पोटात गोळा यायचा. तुला सांगितलं नाही, तू आधीच एवढा दाबत असायचास पाय. आणि त्या दिवशी बस आली, मी तिला लांबूनच बघितलं होतं, ब्रेकवर पाय ठेवला, आणि गोळा आलाच नाही. इतकं छान वाटलं. म्हटलं तुला सांगावं.’

‘आणि मी तेव्हाच,’ कवळीकार म्हणाला.

‘हो. तू तेव्हाच.’

दोघांनाही एकदम हसू आलं, आणि ते आवरेना. तिला डोळे पुसावे लागले. बेडकं गेली, केस गेले, कायमचं सोडणं गेलं. त्या सगळ्या शेपटांच्या जागी हे एवढंसं, सरळ, नीट बसणारं वाक्य होतं, आणि त्यानं ते मनातल्या मनात एकदा हलवून बघितलं. हललं नाही. मग बायको हसू गिळत, अजूनही समोर बघत, वेगळ्याच, खालच्या आवाजात म्हणाली, ‘आणि अजून एक गोष्ट आहे. ती मी आजवर कुणालाच...’

दिवा हिरवा झाला. मागून सगळ्यांनी हॉर्न दिले. चौक ओलांडला की त्याचा कारखाना, तिला उशीर होत होता, तो उतरला, दार लागलं, आणि ती गाडी मऊपणे गर्दीत मिसळून गेली. कवळीकार आपलं स्टिअरिंग घेऊन फुटपाथवर उभा राहिला. जाणारे-येणारे त्याला वळसा घालून जात होते. तो खिन्न नव्हता, उलट त्याच्या आत कुणीतरी शीळ घालत होतं. उद्या मंगळवार होता, पुढची सीट त्याची होती, आणि वाक्य तिथेच, गाडीत, सुरक्षित होतं. फक्त दिव्याचं काहीतरी करायला हवं होतं, आणि आत जाईपर्यंत त्यानं मनात अर्जाचा सगळा मजकूर जुळवूनही टाकला होता.

सबब, वाहतूक नियंत्रण विभागास नम्र विनंती करण्यात येते की, सदर चौकातील लाल दिवा हा सकाळच्या वेळी पुढच्या सीटवरील वाक्य पूर्ण होईपर्यंत लालच ठेवण्यात यावा. वाक्य पूर्ण झाल्याची खात्री बोलणाऱ्या बाईंकडून करून घ्यावी, शेजारी बसलेल्या इसमाकडून घेऊ नये. आणि त्यामुळे मागील वाहनांची जी गैरसोय होईल तिची अर्जदारास पूर्ण कल्पना असून, त्या वाहनांतील सर्वांनीही तेवढ्या अवधीत हॉर्न न वाजवता आपापसात बोलून घ्यावे, असे आदेश व्हावेत.